अंगणवाडी दोनला सुटते, आई सातला येते

शुभदा_ऐरोली | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

पालिकेच्या शाळेत तेवीस वर्षं शिकवून गेल्या मे महिन्यात मी निवृत्त झाले. नोकरीत असताना जे लिहिता आलं नाही ते आता लिहिते आहे. शाळा कोणती ते सांगत नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही.

तीन वर्षांपूर्वी माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगी होती. तिला इथे 'ताई'च म्हणते, तिचा धाकटा भाऊ म्हणायचा तसं. दिघ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराला चिकटलेल्या वस्तीत त्यांची खोली. वडील नाक्यावर उभे राहतात, मिळेल ते बिगारी काम करतात. आई ऐरोलीत सहा घरची धुणीभांडी आणि दोन घरच्या पोळ्या करते. सकाळी सातला घर सोडलं की परत यायला संध्याकाळचे सात. ताई आठवड्यातले दोन-तीन दिवस शाळेत नसायची. एकदा मी तिला सगळ्या वर्गासमोर रागावले. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी ती आली ती दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊनच. शेवटच्या बाकावर बसली. आईच्या जुन्या ओढणीचं एक टोक त्याच्या कमरेला बांधलं, दुसरं बाकाच्या पायाला. त्याच्या हातात पार्लेचं अर्धं बिस्कीट होतं. पाण्याच्या बाटलीच्या झाकणात ते बुडवून तो चोखत होता. मी फळ्यावर अपूर्णांक लिहीत होते. ती दोन ओळी उतरवायची, ओढणी हलकेच ओढून गाठ सुटली नाही ना बघायची आणि पुढच्या दोन ओळी उतरवायची. तास संपला तेव्हा तिचं एकही उदाहरण चुकलं नव्हतं.

त्या रात्री मी त्या घराला लागू पडणाऱ्या योजना वहीत लिहून काढल्या. रेशनवर माणशी ५ किलो धान्य. ताईला शाळेत दुपारचा शिजवलेला आहार. पाचवीपर्यंत ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असं त्याचं प्रमाण ठरलेलं आहे. भावाला अंगणवाडीतून घरी न्यायचं आहाराचं पाकीट. वडिलांची बांधकाम कामगार म्हणून नोंद झाली तर ताईला वर्षाला २,५०० रुपये शिष्यवृत्ती. पुढे २०२४ च्या जुलैपासून 'लाडकी बहीण'चे महिना १,५०० रुपयेही सुरू झाले. यातली एकही गोष्ट मी कमी लेखत नाही. पण दीड वर्षाचं मूल सकाळी सात ते संध्याकाळी सात कुठे ठेवायचं, याचं उत्तर त्या वहीत कुठेच नव्हतं. ते उत्तर ताईने शाळा बुडवून दिलं होतं.

तीन वर्षांखालच्या मुलाला अंगणवाडीत दिवसभर ठेवून घेत नाहीत. तीन ते सहाची मुलं बसतात, पण आमच्या भागातली अंगणवाडी दोनच्या आसपास सुटते. त्यापुढचे पाच तास मोठ्या बहिणीचे. भाऊ सहसा नाही, बहीणच. तेवीस वर्षांच्या हजेरीपटांवर मी हे पाहिलं आहे.

माझं मत असं की ठाणे-नवी मुंबईसारख्या शहरात गरीब घरच्या मुलांसाठी सरकारला पुढची एकच गोष्ट करायची असेल तर ती वस्तीतलं पूर्ण दिवसाचं पाळणाघर असावी. तुमचे अनुभव लिहा. मला हे नुसतं बोलून सोडायचं नाही.

---

तुर्भेकर | सोमवार, रात्री १०:२५

शुभदाताई, बाकाला बांधलेली ओढणी वाचून घशाशी आलं. माझी थोरली बहीण मला असंच सांभाळायची. ती सातवीत घरी बसली, मी इंजिनिअर झालो.

पण योजना 'लागू पडणं' आणि 'मिळणं' यातलं अंतर तुम्ही कमी धरलंत असं वाटतं. तुर्भे स्टोअरला मी दर रविवारी लोकांचे अर्ज भरून देतो. अन्नसुरक्षेच्या धान्यासाठी शहरातल्या कुटुंबाची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये. म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. इथे झोपडपट्टीतल्या खोलीच्या भाड्यातच तेवढे जातात. जो माणूस खरं उत्पन्न सांगेल तो यादीतून बाहेर. मग खरं बोलणारा उपाशी आणि दाखला 'जमवून' आणणारा आत, असं होतं. यात दोष त्या माणसाचा नाही, मर्यादेचा आहे.

दुसरं म्हणजे खाडा. एका दाखल्यासाठी तलाठी, सेतू, परत सेतू अशा तीन खेपा. नाक्यावरच्या माणसाचे तीन दिवस बुडाले की त्या महिन्याचा किराणा उधारीवर येतो. जातीच्या दाखल्याला तर भटक्या विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. जे घर पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडत गावोगाव फिरलं, त्याने १९६१ चा कागद कुठून आणायचा? आमच्या खाणीवरच्या वडार मंडळींची पोरं शिष्यवृत्तीला इथेच अडतात.

---

मीनल_कोपरी | सोमवार, रात्री ११:०५

तुर्भेकर, पहिल्या खेपेलाच पोच घ्यायला सांगत जा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात दाखल्यांना मुदत ठरवून दिली आहे. मुदत टळली की अपील करता येतं, आणि अधिकाऱ्याला दंडही होऊ शकतो. पोच नसेल तर अर्ज कधी दिला हेच सिद्ध होत नाही. मी हे दोन बायकांसाठी केलं, दोघींचेही दाखले अपिलाच्या आधीच हातात पडले.

---

सेविका_वागळे | मंगळवार, दुपारी ३:१५

मी वाचते जास्त, लिहिते कमी. पण हा विषय माझा आहे. वागळे इस्टेट भागात अठरा वर्षं अंगणवाडी चालवते.

बाई, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, पण आमची खोली एकदा बघा. दहा बाय बारा. एक खिडकी, ती नाल्याच्या बाजूची, म्हणून पावसाळ्यात बंद. एका कोपऱ्यात वजनकाटा आणि उंची मोजायची पट्टी, दुसऱ्यात पाकिटांची खोकी, मधे सतरंजी. पंचवीस मुलं आली की सतरंजी दिसत नाही. बाथरूम शेजारणीच्या घरातलं, तिच्या मर्जीवर. एवढ्या जागेत रांगती मुलं दिवसभर ठेवायची तर झोपवू कुठे?

सकाळी मुलांची गाणी-गोष्टी, मग आहार वाटप. दुपारी घरभेटी. गरोदर कोण, बाळंतीण कोण, कोणाचं लसीकरण राहिलं, सगळं माझ्या डोक्यात असतं आणि तेच परत मोबाईलवर भरायचं असतं. पाकीट देताना आता लाभार्थीचा चेहरा जुळवावा लागतो. आई कामावर असते, पाकीट न्यायला आजी येते. आजीचा चेहरा जुळत नाही. मग मी त्या आईला सांगते, उद्या कामाला जायच्या आधी ये. ती साडेसहाला येते. साडेसहाला मी माझ्या घरी पोळ्या लाटत असते. तशीच उठून जाते. दर महिन्याला अशा सात-आठ जणी तरी असतातच. चोरी थांबावी म्हणून हे केलं असेल, ते मला पटतं. पण कामाला जाणाऱ्या बाईचा दिवस कसा असतो हे ते ठरवताना कोणीतरी विचारायला हवं होतं.

आहाराचा दर सांगते. एका मुलामागे दिवसाला ८ रुपये, हा दर २०१७ मध्ये ठरला. तेव्हाच्या प्रमाणाने त्यात ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं बसवायची होती. २०१७ ला तेल किती होतं आणि आज किती आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.

आणि एक कळकळीचं. पाळणाघर काढा, पण ते आमच्याच अंगावर टाकू नका. केंद्राने ठरवलेलं आमचं मानधन ऑक्टोबर २०१८ पासून ४,५०० रुपये आहे, राज्य त्यावर भर घालतं. डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही संपावर गेलो आणि पन्नासहून जास्त दिवस बसलो, तेव्हा लोक म्हणाले मुलांचं काय. माझ्या अंगणवाडीतली मुलं मला रस्त्यात दिसली की तोंड फिरवून घ्यावंसं वाटायचं. कोणाला हौस होती? केंद्र सरकारच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर आहे, त्यात वेगळी पाळणासेविका आणि वेगळी मदतनीस धरलेली आहे. ते बरोबर आहे. माणूस वेगळा द्या, मग खोली मोठी द्या, मग बोला.

---

अनंत_घोडबंदर | मंगळवार, रात्री ८:५०

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. मी पगारदार आहे, कर कापूनच पगार हातात येतो. मुलं जन्माला घालायची आई-बापांनी आणि सांभाळायची सरकारने, हे कुठवर? रेशन फुकट, औषध फुकट, बाईला महिना पैसे. आता पाळणाघर. माझी बायको नोकरी करते. आम्ही पाळणाघराला महिना नऊ हजार देतो, आम्हाला कोण देतं? मला गरिबांबद्दल आकस नाही. माझे वडील गिरणीत होते. पण कष्टाने वर येण्याची सवय मोडू नये असं मनापासून वाटतं.

---

शुभदा_ऐरोली | मंगळवार, रात्री ९:३०

अनंतराव, राग कसला. पण तुम्ही महिना नऊ हजार देता म्हणून तुमच्या पत्नी नोकरी करू शकतात. ताईच्या आईला सगळी घरं मिळून महिन्याला तेरा-चौदा हजार मिळतात. तिने नऊ हजार दिले तर ती कामाला जाते कशाला? तुमच्या घरी जो प्रश्न पैशाने सुटला तोच तिच्या घरी दहा वर्षांच्या मुलीने सोडवला. कष्ट तर ती माय बारा तास करतेच आहे.

---

कळव्याची_लेक | मंगळवार, रात्री १०:१०

अनंतदादा, माझी आई म्हणजे वस्तीतलं पाळणाघर. कळव्यात, डोंगराच्या बाजूला. मी सहावीत असताना बाबांचा हात मशीनमध्ये गेला, तेव्हापासून तिने मुलं सांभाळायला घेतली. एका वेळी नऊ-दहा. तेव्हा एका मुलाचे महिना चारशे घ्यायची, आता तिच्यासारख्या बायका हजार-बाराशे घेतात. सकाळी साडेसहापासून दारात पोरं. प्रत्येकाचा डबा वेगळा, कोणाचा नुसता चहा-पाव. आई मोठ्या पातेल्यात मुगाची खिचडी टाकायची आणि सगळ्यांना त्यातलीच द्यायची. डबे तसेच झाकून ठेवायची, म्हणायची संध्याकाळी घरी खातील. खिचडीचे पैसे तिने कधी लावले नाहीत.

पण खरं सांगते, ती एकटी होती. एकदा ती एकाला शी धुवायला बाहेर घेऊन गेली तेवढ्यात दुसऱ्याने स्टोव्हवरचं आधण ओढलं. हात भाजला. देवाने वाचवलं, पण आई महिनाभर नीट झोपली नाही. त्या मुलाच्या आईने दुसऱ्या दिवशीही मूल आमच्याकडेच आणून सोडलं. दुसरीकडे सोडणार कुठे होती ती?

अशा बायका प्रत्येक वस्तीत आहेत. सरकारला नव्याने सगळं उभारायची गरज नाही. त्यांना शिकवा, प्रथमोपचाराचं साहित्य द्या, अंगणवाडीतून आहार जोडून द्या, दोघीतिघींना एकत्र बसवा आणि पगार द्या. माझ्या आईला कोणी एकदा येऊन 'मावशी, तुम्ही हे काम छान करता' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

---

साइटवरचा_माणूस | मंगळवार, रात्री ११:४०

मी सिव्हिलमध्ये आहे, वीस वर्षं साइटवर. कंपन्यांची नावं लिहीत नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात तरतूद होती: पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तर त्यांच्या सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर. मी काम केलेल्या एका मोठ्या साइटवर बायका शंभराच्या वर होत्या, पण तीन ठेकेदारांत वाटलेल्या. कोणाच्याच हजेरीवर पन्नास भरल्या नाहीत. पोरं रेतीच्या ढिगावर. दुपारी मिक्सर बंद झाला की सावलीला म्हणून त्याच्याखाली जाऊन झोपायची. मी सुरू करायच्या आधी वाकून बघायची सवय लावून घेतली, आणि ती इतकी भिनली की आजही रिकाम्या साइटवर मिक्सर दिसला की आधी खाली वाकतो.

बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठीच घेतला जातो. घोडबंदरचे टॉवर बघा आणि १ टक्का म्हणजे किती होतो याचा अंदाज करा. पैसा नाही असं कोणी म्हणू नये. शुभदाताईंनी लिहिलेली शिष्यवृत्ती याच पैशातून येते. पण नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि नाक्यावरच्या माणसाला ते कोण देणार? आज एक ठेकेदार, उद्या दुसरा. मोठी साइट असेल तर पाळणाघराची जागा दाखवल्याशिवाय पुढची परवानगी मिळू नये असं करा. अग्निशमनाचं जसं तपासतात तसं.

---

न्यूजर्सीचा_ठाणेकर | बुधवार, सकाळी ६:२०

बालपण नौपाड्यात गेलं, सध्या इकडे आहे. अनंत यांच्या मुद्द्याला धरून एक प्रत्यक्ष घडलेली गोष्ट सांगतो.

अमेरिकेत २०२१ मध्ये एका वर्षापुरती मुलांमागची करसवलत वाढवली. सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला ३,६०० डॉलर, त्यापुढच्याला सतरा वर्षांपर्यंत ३,०००. कर भरण्याइतकं उत्पन्न नसलेल्या घरांनाही ती पूर्ण मिळाली, आणि जुलै ते डिसेंबर निम्मी रक्कम महिन्याच्या महिन्याला खात्यात आली. सरकारी मदत धरून मोजतात त्या मापाने त्या वर्षी गरिबीतल्या मुलांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवर आलं. मुदत संपली, संसदेने ती वाढवली नाही, आणि २०२२ मध्ये तेच प्रमाण १२.४ टक्के झालं. महामारीच्या काळातली इतर मदतही त्याच सुमारास संपली हे खरं, पण मुलांमागचा हा पैसा त्यातलं मोठं कारण होता. त्या दोन वर्षांत आई-बाप आळशी झाले आणि परत कष्टाळू झाले असं काही झालं नाही. धोरण बदललं आणि मुलांचं ताट बदललं.

म्हणून मला वाटतं, पाळणाघराच्या आधी रोख पैसे. आई ठरवेल कशावर खर्च करायचे.

---

मीनल_कोपरी | बुधवार, सकाळी १०:००

रोख पैसे कधी मिळतात हेही तितकंच महत्त्वाचं आहे. 'लेक लाडकी' बघा. १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या, पिवळ्या आणि केशरी कार्डाच्या घरातल्या मुलीला एकूण १,०१,००० रुपये. जन्माला ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,०००. मुलगी शिकावी, लवकर लग्न होऊ नये, हा हेतू चांगलाच आहे. पण जन्मानंतरचा पुढचा हप्ता थेट पहिलीत. मेंदू, उंची, वजन, सगळं ज्या काळात घडतं त्या मधल्या वर्षांत त्या घरात यातला एक रुपया येत नाही.

आणि ज्या वस्तीत पाळणाघरच नाही तिथे आईने 'लाडकी बहीण'चे १,५०० रुपये घेऊन कोणाकडे जायचं? कळव्याच्या लेकीच्या आईसारखी मावशी असेल तर ठीक.

अनंतराव, राज्यातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आहेत. हा २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला आकडा. त्याआधीच्या पाहणीत ३४.४ होता. म्हणजे जवळजवळ तिथेच. महाराष्ट्रासारख्या श्रीमंत राज्यात दर तीन मुलांमागे एक. ही मुलं वीस वर्षांनी तुमच्या-माझ्या शेजारीच काम करणार आहेत.

---

अण्णा_बोर्डीकर | बुधवार, दुपारी १:३०

वय झालं, सावकाश टाइप करतो. तुम्ही जे शोधता आहात ते आपल्याच जिल्ह्यात एकदा सापडलेलं आहे.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. तेव्हा बोर्डी, कोसबाड सगळं ठाणे जिल्ह्यात. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, म्हणून ताराबाई आणि अनुताई वाघ बालवाडीच पाड्यावर, अंगणात घेऊन गेल्या. अंगणवाडी हा शब्द तिथला आहे. १९७५ च्या २ ऑक्टोबरला केंद्राने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, ती अवघ्या तेहेतीस प्रकल्पांत, आणि हा शब्द देशभर गेला.

पण शुभदाताई, तुमच्यासाठी महत्त्वाचं पुढचं आहे. कोसबाडला त्यांच्या लक्षात आलं की मोठी मुलं शाळेत येत नाहीत, कारण धाकटी त्यांच्या कडेवर असतात. मग त्यांनी विकासवाडी काढली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. बहीण धाकट्याला घेऊनच यायची, त्याला पाळणाघरात ठेवायची आणि स्वतः वर्गात जायची. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा, तो निराळा विषय.

आणि आईच्या कामाचा भार कोणी उचलायचा यावर १९२८ मध्येच मुंबईच्या विधान परिषदेत वाद झाला होता. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाची रजा आणि त्या काळात भत्ता द्यावा की नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाच्या बाजूने बोलताना मांडलं की आईला विश्रांती मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारने आणि मालकाने उचलला पाहिजे. १९२९ मध्ये कायदा झाला. अनंत, तुमचे वडील ज्या गिरणीधंद्यात होते त्याच धंद्यातल्या बायकांसाठी.

---

शुभदा_ऐरोली | बुधवार, दुपारी ४:४५

अण्णा, तुम्हाला नमस्कार. विकासवाडीबद्दल डी.एड.ला असताना दोन ओळी वाचल्या होत्या, परीक्षेपुरत्या. ताई माझ्या वर्गात भावाला घेऊन आली तेव्हा ती विकासवाडीच घेऊन आली होती आणि मला ओळखू आली नाही.

माझं म्हणणं थोडं बदलते. पाळणाघर वस्तीत हवंच, पण ते जिथे शक्य असेल तिथे पालिकेच्या शाळेच्या आवारात हवं. आमच्या शाळेत खोल्या सकाळ-दुपार अशा दोन अधिवेशनांत वापरात असतात, पण तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत जुने बाक आणि निवडणुकीचं सामान पडलेलं असायचं. पाणी आहे, शौचालय आहे, फाटकावर सुरक्षारक्षक आहे, दुपारी आहार येतोच. सेविकाताईंना ज्या खोलीची चिंता आहे ती खोली अशी मिळू शकते.

---

राबोडीकर | बुधवार, रात्री ९:१५

खोल्यांचं म्हणाल तर आणखी एक ठिकाण. आम्ही झोपुच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत राहतो. पुनर्वसनाच्या योजनेत बालवाडी आणि समाजकल्याण केंद्रासाठी जागा ठेवावी लागते. आमच्या इमारतीतही ठेवली. नकाशावर 'बालवाडी' लिहिलंय. प्रत्यक्षात कुलूप, आत मंडळाचं डेकोरेशन आणि कोणाच्या तरी लग्नातल्या खुर्च्या. माझी सून पोळीभाजी केंद्रात कामाला जाते आणि नातू माझ्याकडे असतो. गुडघ्यांमुळे मला त्याच्या मागे धावता येत नाही, म्हणून तो दिवसभर टीव्हीपुढे. तीन मजले खाली बालवाडी आहे आणि तिला कुलूप आहे, हे रोज लिफ्टमधून दिसतं.

---

सेविका_वागळे | बुधवार, रात्री १०:०५

राबोडीकर काका, त्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे ते आधी विचारा. मग सोसायटीच्या बैठकीत लेखी द्या की ही खोली अंगणवाडीला भाड्याने घ्यावी. भाडं आमचं बालविकास प्रकल्प कार्यालय देतं. जागा मिळत नाही हीच त्यांची मोठी अडचण असते, त्यामुळे असा अर्ज मागे पडत नाही.

शुभदाबाई, पाळणा योजनेची वेळ सांगायची राहिली. महिन्याला २६ दिवस आणि दिवसाला साडेसात तास. तुमच्या ताईच्या आईला बारा तास लागतात. म्हणजे ती योजना आली तरी सकाळ-संध्याकाळचं काय ते बघावंच लागेल. दोन पाळ्या लावता येतील. पण आधी मागणी तर जायला हवी.

---

अनंत_घोडबंदर | बुधवार, रात्री १०:४०

अण्णा, माझी आजी गिरणीत कांडीखात्यात होती. रजेचं तिने कधी सांगितलं नव्हतं, मीही कधी विचारलं नाही. मावशीला आज फोन केला. ती म्हणाली, तुझ्या बापाच्या वेळी आईला रजा मिळाली होती, म्हणून तो जगला, आधीचे दोन गेले.

शुभदाताई, माझं सगळं मत बदललंय असं म्हणणार नाही. फुकट वाटपाबद्दल अजून शंका आहेत. पण पाळणाघराच्या अर्जासाठी काही मोजणी, कागद, एक्सेल लागणार असेल तर मला सांगा. शनिवारी मोकळा आहे.

---

तुर्भेकर | गुरुवार, सकाळी ७:५०

मोजणी लागणारच. सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे: ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली तर तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. झोपडपट्टीलाही तो लागू आहे. शुभदाताई, दिघ्याच्या वरच्या भागात अंगणवाडी आहे का?

---

शुभदा_ऐरोली | गुरुवार, सकाळी ९:१०

खाली आहे. वरच्या गल्ल्यांना नाही. खालची गाठायला साठ-सत्तर पायऱ्या उतरून रस्ता ओलांडावा लागतो, आणि पावसात त्या पायऱ्यांवरून पाणी वाहतं. तीन वर्षांची मुलं तिथे जात नाहीत.

शनिवारी सकाळी आठला ऐरोली स्टेशनबाहेर भेटू. आठ म्हणजे आठ, कारण नऊनंतर वस्तीत आया भेटणार नाहीत. खरं तर सातनंतरच नाहीत. म्हणून रविवारीही जाऊ.

---

शुभदा_ऐरोली | तीन आठवड्यांनंतर, सोमवार, रात्री ८:३०

उशीर झाला, माफ करा. एकदा सगळं सांगते.

दोन शनिवार आणि दोन रविवार लागले. अनंतराव चारही दिवस आले, एक दिवस त्यांच्या पत्नीही. सेविकाताई ठाण्याहून स्वतःची दंडघेराची पट्टी घेऊन आल्या. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत दंड भरला तर मूल अतितीव्र कुपोषित. अशी दोन मुलं निघाली. एक त्याच दिवशी पालिकेच्या रुग्णालयात नेलं, दुसऱ्याच्या आईने खाडा पडेल म्हणून सोमवारपर्यंत थांबायला सांगितलं. सोमवारी तुर्भेकर आपल्या कामावर सुट्टी टाकून तिच्यासोबत गेले.

वरच्या चार गल्ल्यांत सहा वर्षांखालची एकूण ६३ मुलं भरली. त्यातली २९ तीन वर्षांखालची. मागणीचा अर्ज बालविकास प्रकल्प कार्यालयात दिला, पाळणाघरासह. शिक्का मारलेली पोच मीनलच्या सांगण्यावरून दोन प्रतींवर घेतली. तिथल्या मॅडमनी यादी नीट वाचली आणि जागेबद्दल विचारलं. शाळेतल्या खोल्यांसाठी वेगळं पत्र आयुक्तांच्या नावाने दिलं आहे. तीन महिने मोजायला सुरुवात झाली.

यादी ताईने लिहिली. ती आता आठवीत आहे, अजूनही आठवड्याला एखादा दिवस बुडतो. कोणत्या खोलीत कोणतं मूल, कोण कोणाचं, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं, म्हणून वही तिच्याच हातात दिली. मी तिला चार रकाने आखून दिले होते: मुलाचं नाव, वय, आईचं नाव, खोली. घरी आणून पाहिलं तर तिने पाचवा रकाना स्वतःच आखला होता. वर लिहिलं होतं 'आई किती वाजता येते'. साडेसहा, सात, सव्वासात, आठ, सात. एका नावापुढे 'रात्री १०, मॉलमध्ये'. तिच्या भावाच्या नावापुढे ७.

अर्जाला तीच यादी जोडली आहे, पाच रकान्यांची.